अनुमोदक

‘येथे सरकार नाही. सरकार मामलेदार कचेरीत आहे.’

अशी पाटी सरांनी स्वतःच्याच पक्षाच्या कार्यालयात लावली होती, आणि तीही राज्यात त्यांच्याच पक्षाचे सरकार असताना. पेडण्याच्या बाजारात एका पोदेराच्या बेकरीवर, पहिल्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. त्याच खोलीच्या उरलेल्या अर्ध्यात आमच्या पक्षाचे गट कार्यालय. कोणी नोकरीचा अर्ज घेऊन, कोणी नळाच्या जोडणीचे रडगाणे घेऊन धापा टाकत जिना चढून आला की सर त्याला बसवत, पाणी देत आणि मग बोटाने पाटी दाखवत. ज्याला वाचता येत नसे त्याला स्वतः वाचून दाखवत. माणूस पुटपुटत जिना उतरे. बाजारात त्यांना वेडा म्हणत, आणि मी त्यांचा विद्यार्थी असूनही कधी कोणाला अडवल्याचे मला आठवत नाही.

खोलीच्या मधोमध जमिनीवर त्यांनी तेलरंगाने एक पिवळी रेषा ओढली होती. रेषेच्या अलीकडे क्लास, पलीकडे पक्ष. क्लासमध्ये ते शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून बसत. पक्षाच्या कामाला उठले की रेषेपाशी थांबून बाह्या खाली सोडत, मनगटाची बटणे लावत आणि मगच पाऊल टाकत. क्लासच्या कागदावर पक्षाचे पत्र टाईप झाले नाही, पक्षाच्या शाईत क्लासचा शिक्का बुडाला नाही. आम्ही पोरे रेषेवर मुद्दाम एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभे राहायचो. ते फक्त आमच्या पायांकडे बघत राहत, आणि आपोआप पाय मागे यायचा.

मी त्यांच्या गटाचा सहचिटणीस झालो तो माझ्या अंगात काही राजकारण होते म्हणून नव्हे. माझे मामलेदार कचेरीसमोर झेरॉक्सचे दुकान, आणि मी एक पान एकही खाडाखोड न करता टाईप करीत असे. सरांच्या मते पक्षात यायला एवढी पात्रता पुष्कळ होती. चिटणीस ते स्वतः होते. अध्यक्ष बदलत, आमदार बदलत, चिटणीस मात्र तेच, कारण त्या कामात खायला काही नव्हते आणि लिहायला फार होते.

पक्षाला एक घटना असते, हे मला त्यांच्याकडून कळले. तपकिरी कागदाचे वेष्टन घातलेली ती पुस्तिका त्यांच्या खणात असे. एकदा पाने सुटली म्हणून त्यांनी पणजीच्या मुख्य कार्यालयाला नवी प्रत मागणारे पत्र पाठवले. तिथून उलट विचारणा आली की आपल्याकडे असेल तर कृपया एक प्रत आम्हाला पाठवावी. सरांनी ते पत्र फाइलला लावले. मग मला म्हणाले, “पक्षाक घटना आसा, ह्यां पक्षाकच ठावक नाय.” नंतर पुस्तिका त्यांनी स्वतः टाईप केली, तिच्या सहा प्रती माझ्याकडे काढून घेतल्या आणि एक पणजीला धाडली. पोच आली नाही.

आमचे आमदार मंत्री झाले तेव्हाची गोष्ट. मंत्री झाल्यावर पहिल्यांदाच गट कार्यालयात यायचे होते. खाली गाडी लागली, पोलीस उतरला, ढोल वाजला, पोदेराने भट्टीतून तोंड बाहेर काढून बघितले. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर बटणे लावून उभे. पोलिसाला त्यांनी खालीच थांबवले. गाडी दारासमोरून हलवून कचेरीच्या बाजूला नेऊन ठेवायला लावली. स्वीय सचिव फायली घेऊन वर येऊ लागला तर त्यालाही अडवले. “मंत्री खाली रवांदी. आमदाराक वर येऊक सांगा,” असा निरोप दिला. वर आल्यावर आमदारांना बसायला मिळाले ते रांगेतले तिसरे कदेल, कारण मधली खुर्ची घटनेप्रमाणे गट अध्यक्षांची. आमदार हसले, पाच-दहा मिनिटे फोनवर बोटे फिरवत बसले आणि उठून गेले. ते परत कधी तो जिना चढले नाहीत. आपल्या बंगल्याच्या पोर्चमध्येच त्यांनी पत्रे घालून कार्यालय उघडले, आणि ज्यांना सरकार पाहिजे होते ते सगळे तिकडे जाऊ लागले. तिथे कसलीच पाटी नव्हती.

मामलेदार कचेरीत त्या वर्षी मंत्र्यांच्या फोटोची आणि पक्षाच्या निशाणीची कॅलेंडरे लागली. सर रोज दुपारी बाराला कचेरीत जात आणि एकेक कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून उलटे टांगत. शिपाई ते पुन्हा सुलटे करी. हे वर्षभर चालले. कारकून वैतागून म्हणाला की अहो, तुमच्याच पक्षाची आहेत ना? सर म्हणाले, म्हणूनच मी आलो, दुसऱ्याची असती तर दुसऱ्याने यायला हवे होते. मी दुकानातून हे बघत असे आणि गिऱ्हाइकांबरोबर हसत असे. माझ्या हसण्याची त्यांना कल्पना होती. त्याबद्दल त्यांनी मला कधी विचारले नाही.

त्यांचे सगळ्यात मोठे वैर मात्र होते ते आमच्या ‘व्हय म्हाराजा’शी. आमच्या भागात देवळात गाऱ्हाणे घालतात. गुरव किंवा गावकार देवासमोर उभा राहून एकेक मागणे मोठ्याने म्हणतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेला सगळा गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. आम्हाला ही सवय पाळण्यापासूनची. सभेत कोणी चढ्या आवाजात चार वाक्ये बोलला की आमच्या तोंडून होकार निघालाच. आमचे पुढारी हे ओळखून असत. सर टेबलावर पेन्सिल आपटत. “ह्यां देऊळ न्हय. हात वर करा,” म्हणत. प्रत्येक ठरावाला एक सूचक, एक अनुमोदक, मग हात मोजायचे. घटनेत लिहिले होते की अनुमोदनासाठी वाजवी वेळ द्यावा. वाजवी म्हणजे किती हे लिहिले नव्हते, ते सरांनी ठरवले: दोन मिनिटे. घड्याळ काढून हातात धरत आणि दोन मिनिटे पुरी होईपर्यंत गप्प उभे राहत. दुसऱ्याच सेकंदाला कोणी अनुमोदन दिले तर त्यांना हायसे वाटे. बहुतेक वेळा तो मीच असे. मला घरी जायची घाई असायची.

फक्त एकदा मी त्यांची बोलणी खाल्ली. एका जुन्या सभासदाच्या निधनाचा शोकप्रस्ताव त्यांनी वाचला आणि मी सवयीने हात वर करून अनुमोदन दिले. सभा संपल्यावर त्यांनी मला रेषेच्या अलीकडे, क्लासमध्ये नेऊन उभे केले. “माणूस मेलो ह्यां खरां न्हय? मगे त्याका अनुमोदन कित्याक? शोकप्रस्तावाक अनुमोदक लागणा नाय. सगळ्यांनी उबे रवाचां, बस.” मी मान हलवली. बाहेर येऊन उपाध्यक्षा असलेल्या बायला हे सांगितले. बाय मोरजीची, मासळी विकणारी, मोठ्या तोंडाची आणि मोठ्या मनाची. ती पदर तोंडाला लावून हसत राहिली.

पुढच्या निवडणुकीत आमच्या पक्षाचे सरकार गेले, आमचे आमदार मात्र निवडून आले, आणि मग एका सकाळी ते पक्षातून गेले. एकटे नाही गेले. कायदा असा आहे म्हणतात की एकटा आमदार पक्ष सोडून गेला तर त्याची आमदारकी जाते, पण तीनातले दोन मिळून गेले तर ते पक्षांतर नव्हे, विलीनीकरण. तेव्हा ते हिशेबात बसतील इतके जण एकत्र गेले, सरकारात जाऊन बसले, आणि टीव्हीवर सांगितले की आमचा पक्षच त्या पक्षात विलीन झाला आहे. दुपारपर्यंत गट अध्यक्ष बंगल्यावर हार घेऊन गेले. संध्याकाळी दोघेजण सरांकडे सभासदांची वही आणि शिक्का मागायला आले.

सरांनी दोन्ही दिली नाहीत. मला बोलावून घेतले. बाह्या खाली सोडून, बटणे लावून बसले होते. “आमदार गेले, जांवदी. माका कोणी विचारलां? तुका विचारलां? पक्ष म्हणजे आमदार न्हय रे.” त्यांनी खणातून पुस्तिका काढली आणि कलम दाखवले: सभासदांच्या सभांची मान्यता घेतल्याशिवाय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन करता येणार नाही. पणजीच्या एका वकिलाशी ते बोलून आले होते. तो म्हणाला होता, तुमच्या गटाचा रीतसर ठराव आणा, मी अर्जाला जोडतो; गोव्यात अजून एकाही गटाने तसा ठराव केलेला नाही. सरांना तेवढे पुरले. सूचक मी, अनुमोदक तू, असे त्यांनी सांगितले. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हे आज सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

पंचायतीचा हॉल दुरुस्तीसाठी बंद असल्याचे कळले, जरी आदल्याच दिवशी तिथे लग्न झाले होते. शाळेने नकार दिला. शेवटी बायने आपल्या वाड्यावरच्या देवळाचा सभामंडप मिळवला. सर महिनाभर घरोघर फिरले. फेरीने, बसने, उन्हातान्हात, कागद काखेत धरून. गणपूर्तीला चाळीस माणसे लागत होती.

सभेच्या रविवारी सकाळी मला आमदारांचा फोन आला. माझ्या मुलीने कारकुनाच्या जागेची परीक्षा दिली होती आणि आम्ही सगळे निकालाच्या यादीकडे डोळे लावून बसलो होतो. टायपिंग ती सरांकडेच शिकली होती. आमदार रागावले नव्हते, धमकीचा तर एक शब्द नव्हता. घरच्यांची विचारपूस केली. मग म्हणाले, “चेडवाची फायल माज्या मेजार आसा. आज तुमची सभा आसा म्हणतत. जातल्यात मां?” मी म्हणालो की नुसता जाऊन बसणार आहे. “बसा, बसा,” ते म्हणाले, “बसूक कोण नको म्हणता?”

बायकोने माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, तो परत कपाटात ठेवला आणि रोजचा दिला.

सभेला साठावर माणसे आली. सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते प्रत्येकाला नाव घेऊन बसवत होते, आणि ज्या बायांनी मुले आणली होती त्यांच्यासाठी पोदेराकडून उंडे म्हणजे गोल पाव मागवले होते. सुरुवातीला बायने हट्ट धरला की देवळात सभा आहे तर आधी नारळ ठेवायचा. सर कुरकुरले पण मानले. गुरवाने गाऱ्हाणे घातले, की ही लेकरे जमली आहेत, त्यांचे काम सिद्धीस ने, आणि सगळ्यांनी म्हटले, ‘व्हय म्हाराजा.’ गुरव बाजूला झाला आणि त्याच जागी, देवाकडे पाठ करून, सर ठराव वाचायला उभे राहिले.

चूक तिथे झाली. जागा तीच, उभे राहणे तेच, आणि तोंडे तीच. “या गटाच्या सभासदांना न विचारता झालेले विलीनीकरण ही सभा मान्य करीत नाही,” सरांनी वाचले. ‘व्हय म्हाराजा,’ सभामंडप म्हणाला. “हा पक्ष या मतदारसंघात पूर्वी होता तसाच अस्तित्वात आहे.” ‘व्हय म्हाराजा.’ “पक्षाच्या चिन्हावर मते मागून निवडून आलेल्यांनी पक्ष विकू नये.” ‘व्हय म्हाराजा,’ आणि हा आवाज असा निघाला की वरच्या घंटा हलल्यासारख्या वाटल्या. सर वाचता वाचता थांबले. आयुष्यभर ज्या शब्दावर पेन्सिल आपटली, तो शब्द ऐकून त्या माणसाच्या डोळ्यात पाणी आले. मी पहिल्या रांगेत होतो, मी पाहिले.

त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “सूचक मी. अनुमोदक कोण?”

मग त्यांनी घड्याळ काढले.

दोन मिनिटे किती असतात हे मला त्या दिवशी समजले. पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते. मग हळूहळू कोणीच कोणाकडे बघेनासे झाले. ज्याचा मुलगा पोलीस भरतीत होता तो नखे बघत होता. जिची पेन्शनची मंजुरी अडकली होती ती मुलाचे नाक पुसत होती. मी समईकडे बघत होतो. तिच्या पाच वातींतली एक विझली होती आणि ती पेटवायला कोणी उठावे, एवढाच विचार मी करीत होतो. सरांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. ते फक्त घड्याळ बघत होते. पाहिले असते तर कदाचित मी उठलो असतो, असे मी पुढे अनेकदा स्वतःला सांगितले आहे. ते खोटे आहे.

बाय सभेची अध्यक्ष होती, म्हणून तिला अनुमोदन देता येत नव्हते. तिला राहवले नाही. “सर, सगळ्यांनी व्हय म्हटलां. साठ जणांनी म्हटलां. लिवा तसांच.”

“बाय, आवाजाक नाव नसता,” सर म्हणाले. “माका एक नाव होया.”

दुसरा कोणीही असता तर त्याने वहीत ‘एकमताने मंजूर’ लिहिले असते आणि पणजीची बस पकडली असती. एकानेही नाही म्हटले नसते, कारण एकानेही नाही म्हटले नव्हते. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्या भित्रेपणाला त्यांनी पळवाट द्यायला हवी होती, असे मला वाटत होते. घड्याळ खिशात गेले. सरांनी तिथेच बसून, त्या सुरेख वळणाच्या अक्षरात लिहिले: ‘अनुमोदक न मिळाल्याने ठराव सभेपुढे येऊ शकला नाही.’ वही माझ्यापुढे केली, कारण इतिवृत्तावर सहचिटणिसाची सही लागते. मी सही केली. पुटपुटत काही सांगू लागलो, मुलीचे, फोनचे. त्यांनी हात वर करून मला थांबवले. “अनुमोदनाची सक्ती करूक येणा नाय. तसां कलमच नाय.”

त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी कार्यालय बंद केले. शिक्का आणि सभासदांची वही कापडात शिवून प्रदेशाध्यक्षांच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवली, कारण घटनेप्रमाणे ती त्यांची. पार्सल परत आले. वर पोस्टमनने लिहिले होते: ‘स्थलांतरित.’ प्रदेशाध्यक्षही नव्या पक्षात गेले होते. सर ते पार्सल घेऊन डिचोलीत, नार्व्याला आपल्या भावाच्या घरी राहायला गेले. खोलीत पोदेराने पिठाची पोती ठेवली. पिवळी रेषा पोत्यांखाली अजून असेल.

मुलीला नोकरी लागली. नियुक्तीची पत्रे खात्याने टपालाने पाठवली नाहीत. आमदारांच्या बंगल्यासमोर मंडप घालून, मागे नव्या पक्षाचा झेंडा लावून, एकेकाला मंचावर बोलावून दिली. मी मुलीबरोबर वर गेलो, आमदारांना शाल घातली, फोटो निघाला. सहा महिन्यांनी तिच्या कचेरीतल्या एका बाईंनी सहज बोलता बोलता तिला सांगितले की तुझे नाव यादीत पहिलेच होते, टायपिंगमध्ये तुझ्या जवळपासही कोणी नव्हते. यादीवर सही होऊन महिना झाला होता, फक्त मंडपासाठी थांबवली होती. त्या रविवारच्या आधीच ती सही झालेली होती. मुलीने हे मला आनंदाने येऊन सांगितले. मी दुकान लवकर बंद केले.

नार्व्याला मी एकदाच गेलो. सर अंगणात सुपाऱ्या सोलत होते. माझ्या मुलीचे विचारले, तिला पहिला नंबर मिळाल्याचे त्यांना ठाऊक होते आणि त्याचे त्यांना फार कौतुक होते. सभेचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढावा म्हणून गेलो होतो, मीही काढला नाही. निघताना बघितले, अंगात बनियन होता, बटणे लावायला बाह्याच नव्हत्या.

या वर्षी ते गेले. त्याआधी निवडणूक जवळ आली म्हणून आमचे आमदार परत मूळ पक्षात आले होते. परत येताना त्यांना कोणाच्या ठरावाची गरज लागली नाही. पत्र्याच्या पोर्चवर जुनी निशाणी पुन्हा रंगवली गेली, आणि तिथेच सरांची शोकसभा झाली. बाय आली नाही. सरांच्या पुतण्याने कापडात शिवलेले ते पार्सल माझ्याकडे आणून दिले होते, काकांनी तुमचे नाव घालून ठेवले होते म्हणाला. मी ते मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलो होतो.

आमदार छान बोलले. पक्ष म्हणजे काय हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो, असे म्हणाले. असा निष्ठावंत कार्यकर्ता पुन्हा होणे नाही, असे म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या, मागून कोणीतरी हळूच ‘व्हय म्हाराजा’ही म्हटले. मग त्यांनी शोकप्रस्ताव वाचला, कागद खाली ठेवला आणि सभेकडे बघून विचारले, “अनुमोदक कोण?”

माझा हात तेव्हाच वर गेला. मी उठून उभा राहिलो, माझे पूर्ण नाव सांगितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात अनुमोदन दिले. टाळ्या पडल्या.

शोकप्रस्तावाला अनुमोदक लागत नाही, हे त्या पोर्चमध्ये फक्त मला माहीत होते.